लढाईच्या गोष्टीत जन्माचा प्रश्न : काही जपानी चित्रमालिकांच्या निमित्ताने

साहित्याविषयी आपण बोलतो तेव्हा कविता, आत्मकथन आणि कथा ह्यांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यात गैर काही नाही. आपल्या जगण्याला शब्द मिळाले ते ह्याच प्रकारांतून. परंतु माझ्या वर्गात बसणारी पेण, नागोठणे, रोहा ह्या पट्ट्यातील कित्येक मुले आज ज्या गोष्टीत रात्रीची रात्र गुंतलेली असतात, ती गोष्ट ह्यांपैकी कुठल्याच प्रकारात बसत नाही. ती मोबाइलच्या पडद्यावर असते, जपानी भाषेत असते, खाली इंग्रजी अक्षरे धावत असतात किंवा तिला हिंदी आवाज दिलेला असतो. तिला 'ॲनिमे' म्हणतात. त्यातही मुलांना प्रिय असतात त्या लढाईच्या मालिका : नारुतो, ड्रॅगन बॉल, वन पीस, अटॅक ऑन टायटन, डीमन स्लेयर.

स्टाफरूममध्ये ह्या विषयाला 'कार्टून' ह्या एका शब्दात निकालात काढले जाते. तसे काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लहानपणी महाभारत दूरदर्शनवर डोळे विस्फारून पाहिलेले असते, आणि त्यात बाणांवर बाण आदळत होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात. मी रोह्याला राहतो आणि पेणला शिकवतो. दिव्याहून येणाऱ्या मेमू गाडीत माझ्याभोवती जे तरुण बसलेले असतात त्यांचा वाद मी ऐकतो. वाद असा असतो की कुठल्या मालिकेची गोष्ट खोल आणि कुठली नुसतीच मारामारी. हा वाद मला क्षुल्लक वाटत नाही. 'खोल' म्हणजे काय, हे ठरवताना ही मुले नकळत जन्म, श्रम, सत्ता आणि सूड ह्यांविषयीच बोलत असतात. आपल्या घरातला पहिला पदवीधर असलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या वादापासून अलिप्त राहता येत नाही. (ज्यांनी ह्या मालिका अजून पाहायच्या आहेत त्यांनी सावध असावे, पुढे शेवट उघड होणार आहेत.)

आधी ह्या मालिका कशा घडतात ते थोडक्यात पाहू. बहुतेक मालिकांचे मूळ साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः छापल्या जाणाऱ्या चित्रकथेत असते. तिला 'मांगा' म्हणतात. 1968 साली सुरू झालेले 'शोनेन जंप' हे त्यांतले सर्वांत प्रभावी नियतकालिक. वाचक पोस्टकार्डे पाठवून आवडीनिवडी कळवत आणि मागे पडलेली कथा बंद होई. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्या नियतकालिकाची त्रिसूत्री म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे लेखकाला दर आठवड्याला एक लढाई आणि दर लढाईनंतर एक मोठा शत्रू हवा असतो. दूरचित्रवाणीवरची मालिका छापील कथेला गाठू लागली की मधे भर घातली जाते, एकेक ठोसा ताणला जातो. 'ड्रॅगन बॉल झी' ह्या 1989 ते 1996 मध्ये दाखवल्या गेलेल्या 291 भागांच्या मालिकेत एका ग्रहाच्या स्फोटाला पाच मिनिटे उरली आहेत असे सांगितल्यावर लढाई भागामागून भाग चालूच राहते. आमच्याकडच्या कीर्तनकारालाही पहाट होईपर्यंत आख्यान लांबवावे लागते, तेव्हा ह्यात हसण्यासारखे फार नाही. मात्र गोष्टीच्या खोलीची परीक्षा घेताना हा बाजार ध्यानात ठेवला पाहिजे. ह्या मर्यादेत राहूनही कोणता लेखक प्रश्नाला धरून राहतो आणि कोणता सुटून जातो, एवढेच पाहायचे.

माझ्या मते लढाईच्या गोष्टीची खोली मृत्यूंच्या संख्येत नसते आणि शक्तीच्या चढत्या पायऱ्यांतही नसते. ही गोष्ट सुरुवातीला एखादा प्रश्न विचारते : हा मुलगा दुबळा का? ह्या माणसांना गावाबाहेर का ठेवले? तो का मारतो? हा प्रश्न विचारून झाल्यावर ती त्याचे उत्तर देते की चलाखीने तो मिटवून टाकते, हे मला पाहायचे असते. आणि ज्याच्यावर तलवार चालते त्या माणसाला काही पूर्वायुष्य आहे की नाही, असेल तर ते आपल्याला केव्हा सांगितले जाते, हेही.

'नारुतो'पासून सुरुवात करू, कारण आपल्या मुलांना ती सर्वांत जवळची आहे. मासाशी किशिमोतो ह्यांची ही कथा 1999 ते 2014 ह्या काळात छापली गेली. तिची मालिका 2002 ते 2007 मध्ये 220 भागांची झाली आणि पुढचा खंड 2017 पर्यंत आणखी 500 भागांचा. नारुतो हा अनाथ मुलगा. त्याच्या शरीरात जन्मतःच एक विनाशक शक्ती कोंडलेली आहे, म्हणून गाव त्याला टाळते. आयाबाया आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. त्या मुलांना कारण माहीत नसते, पण नजर ती तशीच शिकतात. हे पाहताना आपल्या वाडीतल्या मुलाला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो शाळेत सर्वांच्या मागे असतो आणि गावाचा प्रमुख होण्याची भाषा करतो.

ह्याच मालिकेत ह्यूगा नावाचे एक घराणे आहे, आणि माझ्या दृष्टीने मालिकेतला सर्वांत खोल भाग तोच. ह्या घराण्यात मुख्य शाखा आणि उपशाखा असे दोन भाग आहेत. उपशाखेच्या मुलाच्या कपाळावर लहानपणीच एक मुद्रा उमटवली जाते. मुख्य शाखेतल्या माणसाने मनात आणले तर त्या मुद्रेतून वेदना देता येतात, जीवही घेता येतो. नेजी हा उपशाखेतला असामान्य बुद्धीचा मुलगा. त्याचा बाप आणि मुख्य शाखेचा प्रमुख हे जुळे भाऊ होते. एक काही क्षण आधी जन्मला म्हणून धनी झाला, दुसरा नंतर जन्मला म्हणून सेवक झाला आणि शेवटी भावाच्या जागी मेला. कपाळावरची ती खूण पाहून माझ्या वर्गात एकदम शांतता पसरली होती. व्यवस्था कशी चालते हे समाजशास्त्राच्या पुस्तकातील दहा पानांपेक्षा ती खूण अधिक नेमके सांगते. मारणारा हात सदैव उगारलेला राहण्याची गरज नसते, तो उगारता येतो एवढे दोघांना माहीत असले की पुरते.

नेजी दैववादी होतो. जो जसा जन्मला तसाच मरणार, हे त्याचे तत्त्वज्ञान. त्याला उत्तर द्यायला दोन पात्रे आहेत. एक रॉक ली. त्याला कुठलीही मंत्रविद्या येत नाही, केवळ कसलेल्या शरीराच्या बळावर तो उभा राहतो. दुसरा नारुतो. परीक्षेच्या लढतीत नारुतो नेजीला हरवतो आणि सांगतो की मी प्रमुख झालो की तुमच्या घराण्याची ही रीत बदलीन. इथपर्यंत गोष्ट प्रश्नाला घट्ट धरून आहे.

पुढे काय होते? नारुतोचा बाप हाच गावाचा चौथा प्रमुख होता असे उघड होते. त्यानंतर आणखी पुढे जाऊन तो एका आदिपुरुषाच्या धाकट्या पुत्राचा अवतार ठरतो. रॉक ली कथेच्या कडेला जातो. नेजी महायुद्धात मुख्य शाखेची मुलगी आणि नारुतो ह्यांना वाचवताना मरतो, आणि मेल्यावरच त्याच्या कपाळावरची खूण पुसली जाते. घराण्याची रीत बदलण्याचे वचन मूळ मालिकेत पाळले जाताना दिसत नाही. बौद्धवाडीतून येणारी माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, शेवटी बापाचंच नाव निघालं ना?" ह्याहून चांगले समीक्षावाक्य मला लिहिता आले नसते.

ही चलाखी आपल्याला जुनी आहे. कर्णाच्या कथेत नेमके हेच घडते. सूतपुत्राला रंगभूमीवर उभे राहण्याचा अधिकार आहे की नाही हा जळजळीत प्रश्न महाभारत विचारते, आणि मग तो सूतपुत्र नव्हताच, सूर्याचा आणि कुंतीचा पुत्र होता, असे सांगून त्या प्रश्नातून सुटते. जन्माविषयी विचारलेल्या प्रश्नाला जन्मानेच उत्तर दिले जाते. मराठी मध्यमवर्गाने कर्णावर अपार प्रेम केले, 1967 च्या 'मृत्युंजय'ची लोकप्रियता त्याची साक्ष आहे. आपल्या साहित्याने मात्र एकलव्य आणि शंबूक जवळ केले. ह्या दोघांच्या बाबतीत शेवटी जन्माचा दाखला काढून प्रश्न मिटवला जात नाही. नारुतो हा एकलव्य म्हणून निघाला आणि कर्ण म्हणून पोहोचला, असे मी वर्गात म्हणतो. मुलांना ते पटत नाही, ती भांडतात. पाचशे भाग पाहिलेल्या माणसाला भांडण्याचा अधिकार आहेच.

ड्रॅगन बॉलचा नायक गोकू हाही त्याच्या योद्धा जमातीत कनिष्ठ दर्जाचा म्हणून जन्मतो आणि राजपुत्र वेजिताला सुनावतो की श्रमाने कनिष्ठही श्रेष्ठाला मागे टाकू शकतो. पण त्या मालिकेला ह्या वाक्यात फारसा रस नाही, तिला पुढच्या लढतीची घाई आहे. तिच्याकडून मी खोलीची अपेक्षा करीत नाही. ती उत्तम करमणूक आहे आणि तसा आव आणत नाही, म्हणून ती मला नारुतोच्या उत्तरार्धापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

'डीमन स्लेयर'चा प्रकार वेगळा. 2016 ते 2020 मध्ये छापलेली ही कथा, 2019 पासून मालिका, आणि 2025 च्या सप्टेंबरात तिचा चित्रपट भारतातही हिंदीसह अनेक भाषांत झळकला. ह्यात माणसे खाणारे राक्षस आहेत आणि त्यांची मुंडकी उडवणारे तरुण आहेत. पण प्रत्येक मोठा राक्षस मरताना त्याचे माणूस असतानाचे आयुष्य आपल्याला दाखवले जाते. ग्युतारो आणि त्याची बहीण ही दोघे तर वेश्यावस्तीच्या सर्वांत खालच्या थरात जन्मलेली. भाऊ कुरूप म्हणून दगड खातो, उंदीर-कीटक खाऊन जगतो. बहिणीने एका सामुराईचा डोळा फोडला म्हणून तिला जिवंत जाळतात. माणसांपैकी कोणी हात दिला नाही, राक्षसाने दिला. ही कथा पाहताना मी हललो हे खरे.

मात्र ही कथा आपल्याला केव्हा सांगितली जाते? मुंडके उडाल्यावर. ज्या क्षणी त्यांच्या दुःखाचा निकालावर काही परिणाम होऊ शकत नाही, त्या क्षणी त्यांना पूर्वायुष्य मिळते. त्यांना ज्या वस्तीने असे केले ती वस्ती, तो वेश्याव्यवसाय ह्यांच्याकडे तलवार कधीच वळत नाही. आपल्याकडे शोकसभेत ज्या आवाजात भाषणे होतात तो आवाज मला ह्या मालिकेत ऐकू येतो. जिवंतपणी ज्याला कोणी उंबऱ्याशी उभे केले नाही, त्याच्या साधेपणाचे कौतुक त्याच्या मरणानंतर चालते.

ह्याच्या उलट हिरोमु आराकावा ह्यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट'. 2009-10 मधील 64 भागांची तिची दुसरी मालिका मूळ कथेला धरून आहे, तीच पाहावी. ह्यात इश्वाल नावाचा सावळ्या, लाल डोळ्यांच्या लोकांचा प्रदेश आहे. राज्यसत्तेने तिथे नरसंहार केलेला आहे, आणि आपल्याला प्रिय झालेली कितीतरी पात्रे त्या संहारात हत्यार चालवणारी होती. त्यातून वाचलेला एक माणूस, ज्याला नावच नाही, केवळ कपाळावरच्या व्रणावरून 'स्कार' म्हणतात, तो सरकारी किमयागारांना एकेक करून मारत सुटतो. त्याची बाजू लेखिका मालिका संपायला आल्यावर सांगत नाही. मध्यावरच सांगते आणि मग आपल्याला त्या दोन बाजूंच्या मधे उभे करते.

विनरी ह्या मुलीचे आईबाप डॉक्टर होते. ते इश्वालच्या जखमींवर उपचार करीत होते आणि स्कारच्याच हातून मेले. ती पुढे त्याच्या जखमेवर पट्टी बांधते. बांधताना ती स्पष्ट करते की ही क्षमा नाही. इथे लेखिकेने मोठा संयम दाखवला आहे. अत्याचार झालेल्याने मोठ्या मनाने माफ करावे आणि सर्वांनी डोळे पुसावेत, हा आपल्या सुधारणावादी कादंबरीचा आवडता शेवट तिने नाकारला. आणि संहारात भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना तिने पश्चात्तापाचे अश्रू देऊन सोडले नाही. लोकशाही आली की आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला चालेल, हे ते जाणतात आणि तरी ती आणण्यासाठी धडपडतात. चौसष्ट भागांत ही कथा संपते, कुणी ताणत नाही. वाद घालणाऱ्या मुलांपैकी जी मुले ही पाहून आली आहेत ती जरा कमी बोलतात असे माझे निरीक्षण आहे.

'अटॅक ऑन टायटन' ही 2013 ते 2023 ह्या काळातील मालिका. पहिले तीन खंड आपण तटबंदीच्या आतल्या माणसांबरोबर राक्षसांशी लढतो. 2020 च्या अखेरीस सुरू झालेल्या शेवटच्या खंडात कॅमेरा समुद्रापलीकडे जातो आणि प्रत्यक्ष दिसते की आपण ज्यांना शत्रू समजत होतो तेही आपलेच रक्त आहे, दंडावर पट्टी बांधून कुंपणाच्या वस्तीत राहणारे. त्या वस्तीतली गाबी ही मुलगी 'चांगली एल्डियन' ठरण्यासाठी, मानद नागरिकत्व मिळवण्यासाठी, आपल्याच रक्ताच्या लोकांना मारायला उतावीळ असते. आपल्यातल्या कुणाकुणाची आठवण होईल ते मी सांगत बसत नाही. शेवट मात्र मला मान्य नाही. नायक जगातील बहुसंख्य माणसे चिरडून टाकतो आणि त्याच्या मित्रांना त्याच्याविषयी हळहळ वाटते. पीडिताच्या रागाचे पर्यवसान जगाच्या संहारातच व्हायचे, हा भयगंड पीडिताचा नसतो. तो नेहमी तटबंदीच्या पलीकडच्या माणसाचा असतो.

'वन पीस' 1997 पासून छापली जात आहे आणि अजून संपलेली नाही. तिच्यातले मत्स्यमानवांचे बेट एवढ्याच भागाविषयी इथे लिहितो. मत्स्यमानव समुद्रतळाशी राहतात, माणसे त्यांना पकडून गुलाम म्हणून विकतात. फिशर टायगर हा त्यांचा वीर. तो गुलामांना सोडवतो, त्यात माणसांनाही सोडवतो. जखमी होऊन मरायला टेकल्यावर त्याला रक्त देण्याची सोय होते, पण ते माणसांचे रक्त असते. तो ते नाकारतो आणि मरतो. मनाने त्याला कळते की सगळी माणसे वाईट नाहीत, पण अंगावर झालेल्या अत्याचारामुळे ते रक्त त्याला घेववत नाही. विवेक आणि वेदना ह्यांच्यातली ही फट इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवली असेल. दुसरीकडे राणी ओतोहिमे माणसांबरोबर राहण्याच्या मागणीसाठी घरोघर सह्या गोळा करीत फिरते. तलवारींच्या मालिकेत सह्यांची मोहीम! आणि अखेर एका मत्स्यमानवाचे रक्त जखमी नायकाला दिले जाते, त्यांचा कायदा ते मना करीत असताना. रक्ताच्या जागी पाणी घातले तर ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातली होते.

ह्या भागातला खलनायक होडी मात्र मला खटकतो. माणसांनी त्याचे स्वतःचे काहीच केलेले नाही, त्याचा द्वेष ऐकीव आहे, म्हणून तो पोकळ आहे असे लेखक सुचवतो. अनुभवाशिवायचा द्वेष पोकळ असतो हे खरे. पण आजीने सांगितलेला अनुभव हा ऐकीव म्हणून बाद करायचा का? माझ्या आजीला विहिरीवर काय सहन करावे लागले ते मी पाहिलेले नाही. तिने सांगितले, मी ऐकले. त्या ऐकण्यातूनच मी शिकलो.

आता ज्या कृतीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ही सगळी मुले मुद्रा उमटवलेली घराणी, पट्ट्या बांधलेल्या वस्त्या, समुद्रतळाची बेटे पाहतात आणि विचारतात, जपानला हे सुचते कुठून? सुचायला जपानमध्येच कारण होते. तिथे कातडी कमावणे, जनावरे कापणे, प्रेताशी संबंधित कामे करणे ह्या व्यवसायांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेला समाज होता. त्यांना अशुद्ध मानत, वस्त्या वेगळ्या असत. 1871 च्या फर्मानाने कायद्याने भेद संपला, व्यवहारात संपला नाही. आज त्या समाजाला वस्तीवरून बुराकू म्हणतात. 3 मार्च 1922 रोजी क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभारली. सुइहेइ हा शब्द पाणी आणि सपाटी ह्या दोन अक्षरांचा आहे, पाण्याच्या पातळीसारखी समता. महाडच्या पाच वर्षे आधी.

1975 साली तिथे उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या ठिकाणांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला येणाऱ्याचा पत्ता ताडून पाहण्यासाठी. जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून पत्ता विचारायचा. पेणला खोली शोधताना एका घरमालकाने मला गाव विचारले, तालुका विचारला, आणि मग सहज म्हणून विचारले, "गावात कुठली वाडी?" त्याच्याकडे छापील यादी नव्हती, त्याला तिची गरजही नव्हती.

1964 साली 'गारो' नावाचे मासिक निघाले, ते प्रामुख्याने सानपेइ शिरातो ह्यांची 'कामुइ-देन' ही दीर्घ चित्रकथा छापण्यासाठी. शिरातोंचे वडील श्रमिकांच्या कलाचळवळीतले चित्रकार होते. ही कथा 1971 पर्यंत चालली आणि त्या काळच्या विद्यार्थी चळवळीतल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. कामुइ हा बहिष्कृत वस्तीत जन्मलेला मुलगा. त्या जन्मातून सुटायचे तर ताकद हवी, म्हणून तो निंजा होतो. तिथेही नवी गुलामगिरीच असल्याचे ध्यानात आल्यावर तो पळतो, आणि मग जन्मभर त्याचेच जुने साथी त्याच्या मागावर असतात. 1969 साली 'निन्पू कामुइ गाइदेन' ही 26 भागांची मालिका झाली ती ह्या पळालेल्या कामुइची.

पण मूळ कथेचे बळ एकट्या कामुइत नाही. तिच्यात एक शेतकरी तरुण आहे, एक सामुराई कुळातला आहे आणि सत्ता कशी चालते ह्याचे बारीक चित्रण आहे. शेतकरी उठला की त्याला दडपायला बहिष्कृतांना पुढे करायचे, बहिष्कृतांना हिणवायला शेतकऱ्याला चढवायचे. तलवारबाजी भरपूर आहे, परंतु पीक, सारा, नांगर, जंगल, दुष्काळ हेही त्याच तपशिलाने आहे. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'शी तिची तुलना मला राहून राहून सुचते. फकिराची तलवारही उपाशी माणसांच्या पोटाला बांधलेली आहे, आणि तो अखेर स्वाधीन होतो तो त्याची माणसे कैदेत पडली म्हणून. शक्ती कुठून आली ह्यापेक्षा ती कुणासाठी खर्च होते, ह्याचा हिशेब दोन्ही लेखकांनी ठेवला. कामुइच्या कथेत शेवटपर्यंत कुठलाही चौथा प्रमुख बाप म्हणून निघत नाही. बहिष्कृत हा बहिष्कृतच राहून नायक असतो. आजच्या लोकप्रिय मालिकांनी त्या कथेतला निंजा घेतला आणि त्याचा पत्ता तेवढा पुसून टाकला, असे मला वाटते. मग तो पत्ता कधी घराण्याच्या मुद्रेत उमटतो, कधी माशाच्या कातडीत.

'विनलँड सागा'च्या दुसऱ्या खंडाचा, म्हणजे 2023 मधील 24 भागांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लढाईची म्हणून ओळखली जाणारी ही मालिका इथे लढाई जवळजवळ थांबवते. थोर्फिन हा एकेकाळचा निर्दय लढवय्या आता गुलाम आहे. एनार ह्या दुसऱ्या गुलामाबरोबर तो जंगल तोडून, मुळे उपटून शेत तयार करतो. कित्येक भाग ही नांगरटच चालते. कंटाळा आला, असे मुलांनी सांगितले. एकच मुलगा म्हणाला की हेच भाग चांगले आहेत, त्याच्या घरी भातशेती आहे. शेवटी राजाला भेटण्यासाठी थोर्फिन शंभर ठोसे खातो, उलट एकही मारीत नाही.

हा अहिंसेचा प्रसंग भव्य आहे, तरी त्यात मला एक अडचण दिसते. थोर्फिन हात आवरतो कारण त्याच्या हातून पुष्कळ माणसे मेलेली आहेत, त्याचे आवरणे हे प्रायश्चित्त आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला, आमच्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, जे हात आवरले गेले त्यांच्यावर कुणाच्या खुनाचा डाग नव्हता. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांवर, देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून, लाठ्या चालवल्या गेल्या. त्या माणसांत पलटणीत राहून आलेले गडी होते, उलट वार करायची त्यांना अक्कलही होती आणि बळही. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले आणि ते थांबले. त्यानंतर डिसेंबरात मनुस्मृती जळली, आणि तळ्याचा खटला हायकोर्टात जिंकायला 1937 उजाडावे लागले. दहा वर्षांची ती कागदांची लढाई चित्रमालिकावाल्यांनी भरीचे भाग म्हणून वगळली असती.

माझा एक विद्यार्थी गणपतीच्या हंगामात पेणच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. हात अतिशय स्थिर. तो सध्या महाडवर चित्रमालिकेच्या धर्तीवर चौकटी काढतो आहे, वहीच्या मागच्या पानांवर. तळ्याकडे निघालेली रांग त्याने तीन पानांत काढली आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाला वेगळा चेहरा दिला आहे. हल्ल्याच्या चौकटीपाशी तो अडला. लाठी उगारणाऱ्या माणसाला तोंड काढायचे की नुसती सावली, आणि तोंड काढले तर त्याच्या घरात सकाळी काय बोलणे झाले असेल तेही एका चौकटीत दाखवायचे का, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, दाखव. "त्या दिवशी मार खाणाऱ्यांची घरं आधी दाखवू की," असे त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचे म्हणणे पडले, आणि पाने थोडीच उरली आहेत. गेल्या आठवड्यापर्यंत ती चौकट कोरीच होती.